त्याच्या नावाची पावलं

चालणं तब्येतीला चांगलं, हे जगात कुणालाही पटवून द्यावं लागत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या चार वडे संपवणाऱ्यालाही ते पटलेलं असतं. तो मान डोलावतो, 'उद्यापासून' म्हणतो आणि पाचवा वडा उचलतो. गेली अठरा वर्षं मी या 'उद्यापासून'शी भांडत आले. बसलेल्या माणसांना उठवणारे कार्यक्रम आखायचे, हे माझं काम. पुण्यातल्या आमच्या संस्थेत मला सगळे 'उठवणाऱ्या केतकीताई' म्हणायचे आणि मलाही ते आवडायचं.

एवढ्या वर्षांत मला चार गोष्टी कळल्या होत्या. उपदेशाने माणूस हलत नाही. एकदम मोठं ध्येय दिलं तर तो आणखी रुतून बसतो. काल जेवढा चालला त्याहून थोडंसंच जास्त मागावं, वेळ त्याची त्याला ठरवू द्यावी, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा. संशय घेतला की संपलं, पावलं मोजणारी पट्टी कपाटात जाते. हे मी परिषदांमध्ये टाळ्या घेत सांगितलेलं आहे. आज त्या टाळ्या आठवल्या की लाज वाटते.

सन २०४१ मध्ये माझ्या दादाला हार्ट अटॅक आला. निरंजनदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणजे चव्वेचाळीस. लग्न केलं नाही. मिरजेत आईबरोबर राहायचा. फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नेत्याचं आगमन, कुणाचा दहावा, सगळं एकाच खुर्चीतून तयार व्हायचं. त्याच खुर्चीत त्याला घाम फुटला. वाचला, पण हृदयाचा डाव्या बाजूचा मोठा तुकडा मेला.

पाच वर्षांपूर्वी हे झालं असतं तर आम्ही हात जोडून बसलो असतो. आता उपाय होता. माणसाच्याच कातडीतल्या पेशी घ्यायच्या, त्यांना गर्भातल्या अवस्थेपर्यंत मागे नेऊन हृदयाच्या पेशी बनवायचं आणि त्यांची पातळ चकती मेलेल्या जागेवर चिकटवायची. खांद्याच्या कातडीखाली बसवलेला छोटा पंप त्या पेशींना वाढीचं औषध देत राहतो. पण नुसत्या वाढीने भागत नाही. त्या पेशींना एका ओळीत लागून ताकदीने आखडायचं असतं, आणि हे त्या शिकतात फक्त हृदयावर भार आल्यावर. म्हणजे माणूस चालल्यावर. भार हळूहळू वाढवायचा आणि औषधही त्याच प्रमाणात. माणूस चालला नाही तर औषध कमीच ठेवायचं. कारण औषध मिळतंय आणि भार नाही, असं झालं तर पेशी अस्ताव्यस्त माजतात आणि हृदयाची भिंत जाड, कडक होत जाते. मग ते हृदय आखडायचंही विसरतं आणि सैल पडायचंही.

पंपाला चालणं कळावं म्हणून डाव्या घोट्यावर एक पट्टी. पट्टी पावलं मोजणार, पंप औषध ठरवणार. या उपचाराची सगळी मदार शेवटी पेशंट उठतो का, यावर होती. तिथे माझी गरज लागली. कार्यक्रमाचं नाव मीच ठेवलं, 'सोबत'.

सुरुवातीला पट्टी माणसाची चाल ओळखायची. दुसऱ्याने घातली तर लगेच बंद. पण बरा होत जाणाऱ्या माणसाची चाल बदलते ना! सहा आठवड्यांत पट्टी मालकालाच परका म्हणायला लागली. लोक चिडले, चालणं सोडू लागले. मी समितीत टेबलावर हात आपटून सांगितलं, "ओळख काढून टाका. आपण पोलीस नाही." ती काढली, आणि चालणाऱ्यांचं प्रमाण झटक्यात वाढलं. आमचे प्रमुख डॉ. आरवाडे म्हणाले, "केतकी, तू बरोबर होतीस."

दुसरी युक्तीही माझीच. पावलं कमी पडली की संध्याकाळी घरच्या माणसाच्या फोनवर निरोप जायचा. बारा वाक्यं लिहून तपासली होती, त्यातलं एक जिंकलं. आईच्या फोनवर ते असं यायचं: 'आज निरंजनची चारशे पावलं कमी पडली. त्याला तुमची सोबत हवी आहे.'

पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला.

"केतू, तुझं ते मशीन रोज सांगतंय, कमी पडली, कमी पडली. जीव टांगणीला लागतोय गं."

"मग त्याला घेऊन बाहेर पड की. तुलाही बरं."

"मला कशाला? माझे गुडघे कुठं चालतात." मग तिने आवाज खाली आणला. "आणि पूर्ण झाली तर तो बरा होणार ना? नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

त्यानंतर निरोप थांबले. पावलं पूर्ण होऊ लागली. दुसऱ्या महिन्यात रोज तीन हजार, चौथ्यात पाच, सहाव्यात सहा. एक दिवस खाडा नाही. एक हजार एकशे चाळीस पेशंटमध्ये एकशे सतरा नंबर, म्हणजे आमचा दादा, सगळ्यांत नियमित होता. नाव न सांगता मी त्याचा आलेख पडद्यावर दाखवला, आणि घरी फोन करून दादाला ते सांगितलंही. "तू आमचा हिरो आहेस," म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, "आईला देतो फोन."

त्याचा आवाज मला थकलेला वाटला होता. पण आलेख समोर असताना आवाजाकडे कोण लक्ष देतं!

सातव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आरवाडे सरांनी मला खोलीत बोलावलं. पडद्यावर एका हृदयाचं चित्र हलत होतं. हलत होतं म्हणजे, हलायचा प्रयत्न करत होतं.

"एकशे सतरा नंबर. तुझा भाऊ ना? दम लागतो म्हणून काल दवाखान्यात गेला होता. भिंत बघ."

मी बघितली. दुप्पट जाड.

"जे औषध घेतात आणि जागचे हलत नाहीत, त्यांची अशी होते," सर म्हणाले. "पण हा तर रोज सहा हजार चालतोय. म्हणजे औषधातच काहीतरी खोट आहे. सगळ्यांचं बघावं लागेल."

मी माझ्या टेबलाशी आले आणि पट्टीची मूळ नोंद उघडली. आलेखात नुसता आकडा दिसतो. मूळ नोंदीत एकेक पाऊल दिसतं, किती लांब पडलं, कुठे वळलं. सात महिन्यांत मी ती एकदाही उघडली नव्हती.

रोज पहाटे सव्वापाचला सुरुवात. थोडं सरळ चालणं. मग पाऊल किंचित उजवीकडे वळायचं, पुन्हा वळायचं, पुन्हा. सव्वीस पावलांत एक पूर्ण फेरी आणि पुन्हा त्याच जागी. पुढची फेरीही सव्वीस पावलांचीच. दरवेळी उजवीकडेच. मी फेऱ्या मोजायला लागले. एकशे आठ झाल्या आणि पाऊल सरळ होऊन घराकडे निघालं. संध्याकाळी परत एकशे आठ.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यापुढे गणित लागत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला दत्ताचं देऊळ आहे, आणि देवळाच्या अंगणात पार बांधलेला औदुंबर.

दादाने उभ्या जन्मात कधी प्रदक्षिणा घातली नव्हती.

"सर, एकशे सतराचा पंप बंद करा!" मी धावतच गेले. "तो चालतच नाही. आई चालतेय."

सरांनी पंपाची नोंद पडद्यावर उघडली. "एकदम बंद नाही करता येत. निम्म्यावर आणतो, मग उतरवत नेऊ." मग त्यांचा चेहरा बदलला. "केतकी, बाकीचे?"

बाकीच्यांचा विचार करायची माझी हिंमत नव्हती. मी गाडी काढली.

मिरजेला पोचले तेव्हा सहा वाजले होते. घरी न जाता देवळातच गेले. आई पाराभोवती चालत होती. पदर खोचलेला, गुडघ्यांना क्रेपची पट्टी बांधलेली, आणि डाव्या घोट्यावर आमची करडी पट्टी. पाराच्या कडेला दोन वाट्या होत्या. एक फेरी झाली की ती एका वाटीतला चिंचोका दुसरीत टाकायची. माझी आई आयुष्यात एवढी ताठ चालताना मी पाहिली नव्हती.

मला बघून तिने हाताने थांबवलं. "थांब हां. चौदा राहिल्यात."

"आई, ती पट्टी काढ."

"चौदा राहिल्यात म्हटलं ना." आणि ती पुढे निघाली.

मी तिच्या मागून चालू लागले. "आई, ती दादाची आहे. त्याने चालायचं असतं."

"त्याच्याच नावानं चालते की. पहिल्या दिवशी त्याच्या नावाचा संकल्प सोडलाय." चिंचोका टाकून ती पुढे बोलली, "तुझ्या दहावीला संकष्ट्या कुणी केल्या? तू केल्यास? लागू पडल्या ना तुला? त्याच्यानं होत नाही, म्हणून मी करते. आईनं नाही करायचं तर कुणी?"

दुसरी फेरी. मी औषध, भार, भिंत समजावत होते, ती चालत होती. तिसरी फेरी. "अगं, एक दिवस चुकला नाही बघ माझा. ताप होता तरी आले. आता बरा होत आला असेल, नाही का? थोडा दम लागतो म्हणतो, पण..."

माझं डोकं फिरलं.

"आई, तू चालतीयस म्हणून तो मरतोय!"

आरतीला जमलेल्या बायका वळून बघायला लागल्या. आई थांबली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. ती वाटीकडे बघत होती.

"मग ह्या अकरा राहिल्यात," ती म्हणाली, "ह्यांचं काय करू?"

ते वाक्य मला परत घेता येणार नाही. खरं होतं, म्हणून तर आणखीच नाही.

घरात दादा तीन उशांना टेकून बसला होता. पाय सुजलेले. माझ्यामागून दोन्ही वाट्या छातीशी धरून आलेली आई त्याने पाहिली आणि त्याला सगळं कळलं.

"तिला काही बोललीस?" त्याने विचारलं.

"तू का नाही बोललास? सात महिने, दादा!"

"पहिल्या दिवशी गेलो होतो की." वाक्य पुरं करायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं. "फाटकापर्यंत गेलो आणि छातीत धडधडायला लागलं. डिट्टो तसंच, त्या दिवशी दुकानात झालं होतं तसं. फाटकाची कडी धरली ती सुटेचना. आईनं येऊन एकेक बोट सोडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आण ती पट्टी इकडं."

"मला सांगायचंस!"

"तुझ्या फॉर्मात चौसष्ट प्रश्न होते केतू. बुटाचा नंबरसुद्धा विचारलास. भीती वाटते का, हे कुठं विचारलंस?" तो हसला, आणि तो हसला म्हणून मला रडू फुटलं. "मग तूच म्हणालीस, हिरो आहेस. सुरुवातीला औषधानं तरतरीही आली होती. वाटलं, आईचं चालणं लागू पडतंय."

चौसष्ट प्रश्न मीच लिहिले होते. रस्ता कसा आहे, कुत्री आहेत का, सकाळ आवडते की संध्याकाळ. सगळं विचारलं होतं. हृदय एकदा बंद पडलेल्या माणसाला ते पुन्हा जोरात धडधडण्याची धास्ती वाटत असेल, हे अठरा वर्षांच्या माझ्या हुशारीला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आरवाडे सरांशी बोलले. त्यांनी काही लपवलं नाही. कडक झालेली भिंत सैल होत नाही. दुसऱ्याचं हृदय बसवावं, तर फुप्फुसं तेवढी टिकाव धरणारी राहिली नाहीत. एकच गोष्ट उरली होती. चकतीच्या कडेला काही पेशी अजून शहाण्या असतील आणि दादा अगदी थोडं थोडं चालला, तर त्या काम उचलतील.

"शक्यता किती?"

"शंभरात पाच," सर म्हणाले. "मी उदार होऊन सांगतोय."

मी माझी सगळी विद्या पणाला लावली. थोडंच मागावं, म्हणून चारच पावलं मागितली. वेळ तू ठरव म्हटलं. हात धरते म्हटलं. त्याला भीती समजावून सांगितली, ही धडधड आणि ती धडधड वेगळी कशी. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "नको केतू." पलंगाची कड धरलेली त्याची बोटं पांढरी पडलेली असायची. चिडले, ओरडले, पाया पडले. पाच टक्के माझ्या डोळ्यांसमोर तासातासाने कमी होत होते.

आणि आई. आदल्या संध्याकाळपासून ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. उठली नाही, जेवली नाही, पाण्याचा घोट नाही. दोन वाट्या शेजारी. मी चहा करून पुढे ठेवला, तो गार झाला. दुसरा केला, तोही. "आई, माझं चुकलं," म्हणाले. तिने मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते कळलं नाही. नऊ लाख पावलं चाललेली बाई एका जागी बसली ती बसलीच.

"आई, चहा घे की गं," दादाने पलंगावरून हाक मारली. कप तसाच राहिला.

"आई!"

मग मला पलंग करकरल्याचा आवाज आला. दादा उभा राहिला होता. मी उठायला लागले, आणि माझी मीच बसले. त्याने टेबलावरचा तिसरा कप उचलला. कप बशीवर थडथडत होता. एक पाऊल. भिंतीचा आधार. दोन. चहा सांडला. कपाळावर घाम, ओठ निळसर, आणि डोळ्यांत ती धास्ती मला इतकी स्पष्ट दिसली की आजवर ती कशी दिसली नाही याचंच नवल वाटलं. धास्ती गेली नव्हती. तिला घेऊनच तो चालत होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो खाली बसला आणि कप आईपुढे सरकवला.

"मी आणलाय," तो म्हणाला. "घे."

आईने त्याच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि चहा प्यायली. मग भरलेली वाटी पदरात रिकामी केली आणि उरलेल्या अकरांतला एकेक चिंचोका उचलून तिच्यात टाकू लागली. नऊ टाकले.

"दोन राहिल्यात," ती म्हणाली.

"संध्याकाळी चालतो," दादा म्हणाला.

तेवीस दिवस तो चालला. सकाळी चहा, संध्याकाळी पाण्याचा तांब्या, दोन्ही आईसाठी. तिने दुसऱ्या कुणाच्या हातून घेणं बंद केलं होतं. माझ्या चौसष्ट प्रश्नांना जे सापडलं नाही, ते तिने न शिकता हेरलं होतं. एका पावलाला एक चिंचोका, आणि भरलेली वाटी तिने पुन्हा कधी रिकामी केली नाही. घरातले चिंचोके संपले तेव्हा ती वर्षाची चिंच फोडायला बसली.

मी तिथूनच बाकीच्या पट्ट्या तपासत होते. दोनशे बारा पट्ट्या पेशंटच्या पायात नव्हत्या. एक शेळीच्या पायाला बांधलेली होती, एक पाळण्याला. त्या दोन एका दुपारीतच सापडल्या. बायका सापडायला वेळ लागला. ओट्यापासून शेगडीपर्यंत चार पावलं जाणाऱ्या आणि चार पावलं येणाऱ्या, नळावर जाणाऱ्या, जिने पुसणाऱ्या. कुठे आई, कुठे बायको, एके ठिकाणी सून. बहुतेकांचे पंप वेळेत उतरवता आले. एकतीस जणांचं उशिरा कळलं. फॉर्मात आता पासष्टावा प्रश्न आहे, आणि तो सगळ्यांत आधी विचारतात.

विसाव्या दिवशी तपासणीत भिंत तेवढीच जाड होती. दादाने विचारलं, "काही फरक?" मी म्हणाले, "आहे." एवढं एक खोटं मी कबूल करते.

चोविसाव्या सकाळी तो कप घेऊन निघाला आणि मध्येच खाली बसला. कप त्याने जपून जमिनीवर ठेवला होता. आई उठून त्याच्यापाशी गेली. आल्यापासून मी तिला एवढ्या झटकन उठलेली पाहिली नव्हती. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती म्हणत होती, "पुरे आता, पुरे, खूप झालं." तो गेला तेव्हा चहा गरम होता.

दहाव्यानंतर सरांनी आग्रहाने आईलाही तपासून घेतलं. साखर नॉर्मल, रक्तदाब नॉर्मल, हृदय वयाच्या मानाने उत्तम. 'सोबत' कार्यक्रम आमच्या घरात यशस्वी झाला होता. आईने रिपोर्ट हातातसुद्धा घेतला नाही.

शेवटी संस्थेला एकशे सतरा नंबरची फाईल बंद करायची होती. पेशंटने स्वतः टाकलेली एकूण पावलं, असा एक रकाना होता. त्यात आधीपासून नऊ लाख अडतीस हजार भरलेले होते. मी ते खोडले आणि हात थांबला. मग आईला विचारलं.

तिने फडताळातून वाटी आणली, आता ती वाटी नव्हती, पितळेचं पातेलं होतं. "मोजून घे," म्हणाली. जमिनीवर पसरून मी दहा-दहाच्या राशी केल्या. चारशे तीन भरले.

मी आकडा लिहिला. आई चिंचोके परत पातेल्यात भरत होती. भरता भरता थांबली.

"शेवटचं पाऊल पुरतं पडलं नव्हतं गं त्याचं," ती म्हणाली. "पण मी धरलंय."

"राहू दे," मी म्हणाले, आणि फाईल पाठवली.